टेलिफोनच्या घंटीसाठी वॉटसनला निम्मं श्रेय का नाही?

तारवाला_सातारा

टेलिफोन म्हणलं की ग्रॅहॅम बेल. १० मार्च १८७६ ला बोस्टनमध्ये तो तारेवर "मिस्टर वॉटसन, इकडे या" असं बोलला हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो वॉटसन, म्हणजे बेलचा मदतनीस, दुसऱ्या खोलीत रिसिव्हर कानाला लावूनच थांबला होता हे कुणी लक्षातच घेत नाही. गिऱ्हाईक असं कुठं थांबणारे? माणूस दुकानात, ऑफिसात आपापल्या कामात असणार आणि फोन भिंतीवर मुका. १८७७ मध्ये फोन भाड्यानं द्यायला लागले तेव्हा पलीकडच्याला बोलवायची धड सोयच नव्हती, बोलायच्या तोंडाशी जो आवाजानं थरथरणारा पातळ पडदा असतो त्यावर पेन्सिलीनं टकटक करायची आणि पलीकडं कुणीतरी जवळ असेल, खोली शांत असेल तर त्याला ते बारीक टकटक ऐकू जाणार.

मग थॉमस वॉटसन कामाला लागला, तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा. आधी त्यानं पेटीतच छोटी हातोडी बसवली, बाहेरची कळ फिरवली की ती पडद्यावर आपटायची. ते अपुरं पडलं म्हणून बझर केला, त्यात पलीकडचा रिसिव्हरच कर्कश ओरडायचा, लोकांना तो आवाज सहन होईना. आणि शेवटी १८७८ मध्ये पोलराइज्ड घंटी. कायम चुंबकाच्या जोरावर मधोमध तोललेली लोखंडी पट्टी, समोर दोन कॉइल, पट्टीला जोडलेल्या काडीच्या टोकाला गोळी आणि गोळीच्या दोन्ही अंगांना दोन वाट्या. करंट एका दिशेनं आला की पट्टी इकडं झुकणार, दिशा उलटली की तिकडं. करंट द्यायला हातानं फिरवायचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकावर चालणारं छोटं जनित्र, हँडल सेकंदाला तीनेकदा फिरवलं की गिअरमुळं आतलं आर्मेचर, म्हणजे तारेची फिरती गुंडाळी, पंधरा-सोळा फेरे मारतं आणि पलीकडची घंटी घणघणते. पलीकडं बॅटरी नको, काही नको.

आपल्या घरातल्या काळ्या डायलच्या फोनमध्ये हीच रचना होती, शंभर वर्षं टिकली. बेलचा पहिला ट्रान्समीटर, म्हणजे ज्यात बोलायचं ते यंत्र, किती वर्षं टिकला सांगा? माझं म्हणणं स्पष्ट आहे, वॉटसनचं नाव बेलच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्या.

गणिती_काका

निम्मं श्रेय अजिबात नाही. तारेवर घंटी वाजवणं ही १८७८ ची गोष्टच नाही. जोसेफ हेन्रीनं १८३१ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या शाळेत मैलभरापेक्षा लांब तार भिंतींवरून फिरवून दुसऱ्या टोकाला घंटी वाजवून दाखवली होती, आणि तीही कशी, तर खुंटीवर फिरणारा कायम चुंबकाचा दांडा इलेक्ट्रोमॅग्नेटनं हलवून! म्हणजे चुंबक आणि दिशा बदलणारा करंट ही जोडी वॉटसनच्या जन्माच्या तेवीस वर्षं आधीची. मॅग्नेटो तर पिक्सीनं १८३२ मध्ये केला, सीमेन्सनं १८५६ मध्ये त्याचं आर्मेचर सुधारलं, आणि पोलराइज्ड रिले, म्हणजे करंटच्या दिशेप्रमाणं इकडं-तिकडं झुकणारा चुंबकी स्विच, टेलिग्राफवाले रोज वापरत होते. वॉटसन चार्ल्स विल्यम्सच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता जिथं टेलिग्राफची यंत्रं आणि कॉल बेलच बनायच्या, त्यामुळं हे सगळं त्याच्या हाताखालून गेलेलंच असणार. त्यानं चांगली जुळणी केली हे मान्य, पण जुळणीला शोध म्हणायचं का?

आणि दुसरं. फोन खेळण्यातून बाहेर आला तो एक्स्चेंजमुळं. २८ जानेवारी १८७८ ला न्यू हेवनमध्ये जॉर्ज कॉयनं २१ वर्गणीदारांचा स्विचबोर्ड, म्हणजे कुणाचीही तार कुणाशीही जोडायचा फळा, सुरू केला. त्याआधी तार म्हणजे दोन ठिकाणांमधली खासगी वाट, तिथं घंटी असली काय नसली काय, तुम्ही बोलणार त्याच एका माणसाशी. बरोबरीनं नाव घ्यायचंच तर कॉयचं घ्या.

तारवाला_सातारा

काका, हेन्रीचं उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्याच्या दांड्याला दर ठोक्याला तारा उलट्या करून करंट फिरवावा लागायचा, एक ठोका, परत उलटा, परत एक ठोका. आणि बॅटरीवर आपोआप वाजणारी जी दाराची घंटी १८७८ ला बाजारात होती तिच्यात करंट तोडणारा-जोडणारा पॉइंट असतो, ठिणग्या पडून तो जळतो, काळा पडतो, मग कुणीतरी कानस घेऊन घासत बसा. शिवाय लांब तारेच्या रेझिस्टन्सपुढं दोन-चार सेलचा जोर टिकत नाही. वॉटसनच्या घंटीत पॉइंटच नाही, त्यामुळं जळायला काही नाही. मॅग्नेटोचं व्होल्टेज जास्त म्हणून थोड्या करंटवर मैलोन्‌मैल काम होतं. हे सगळं एकत्र, एका लाकडी पेटीत, ज्याला विजेतलं काही कळत नाही अशा किराणावाल्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं चालणारं, हे हेन्रीनं केलं नव्हतं आणि टेलिग्राफवाल्यांनीही नाही, त्यांच्याकडं प्रत्येक टोकाला शिकलेला माणूस बसलेला असायचा.

कॉयबद्दल: स्विचबोर्डवर ऑपरेटरला कळणार कसं कुणाला बोलायचंय ते? वर्गणीदारानं संकेत दिल्याशिवाय बोर्ड काय कामाचा?

लोहमार्ग

रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. फाटकावरचा गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्यात मॅग्नेटो फोन असतो, हँडल फिरवायचं, पलीकडं घंटी, मग बोलायचं. एक्स्चेंज नाही, डायल नाही, गावात लाईट असो नसो. दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना आणि त्यावर फाटक बंद झालं की नाही याचा निरोप जातो, गाड्या जातात.

ज्यांनी ही घंटी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही वाट्यांचं भोक मुद्दाम मधोमध नसतं, जरा बाजूला असतं. स्क्रू ढिला करून वाटी थोडी फिरवली की तिची कड गोळीच्या जवळ येते किंवा लांब जाते. फार जवळ आली तर गोळी वाटीला चिकटून आवाज दबतो, नुसती खरखर येते, लांब गेली तर फटकाच लागत नाही. कानानं लावायची, नव्या पोराला दोन शब्दांत सांगता येत नाही. आणि एक बारीक स्प्रिंग असते, ती पट्टीला एका बाजूला धरून ठेवते. ज्यांच्या घरी एका लाईनवर दोन फोन होते त्यांना आठवत असेल, एका खोलीत डायल फिरवला की दुसऱ्या खोलीतला फोन टिणटिण करायचा, तर ती स्प्रिंग ढिली. डायलच्या धक्क्यांवर हलू नये पण रिंगच्या करंटवर जोरात वाजावी, एवढा फरक त्या स्प्रिंगनं ओळखायचा.

काकांना एवढंच म्हणीन की जुळणी हा शब्द हलका करू नका. खांबावर उघडी तार धरलेली असताना नेमकी रिंग आली की ७५ व्होल्टचा झटका काय असतो ते लाईनमनला विचारा. तेवढा जोर रोज सोसून पण ही घंटी बिघडल्याची तक्रार क्वचित यायची, बिघडायची ती तार, कॉर्ड नाहीतर डायल.

शमा_नाशिक

तुम्ही सगळे यंत्राच्या बाजूनंच बोलताय, मला वेगळं म्हणायचंय. या घंटीनं हाक मारणाऱ्याला नको इतका अधिकार दिला. कोण बोलवतंय, काम काय, तातडीचं आहे का, काहीच कळायची सोय नाही, फक्त घणघणाट, आणि तो थांबवायचा एकच मार्ग म्हणजे उठून जाणं. घरात कणकेचे हात धुवून धावायचं कुणी? बाईनंच. जिन्यावरून पळत खाली यायचं कुणी? ज्याचा फोन नाही त्यानंच, कारण फोन घरमालकाकडं. सगळ्या प्रकारच्या निरोपाला एकच आवाज, मरणाची बातमी आणि राँग नंबर सारख्याच घंटीवर. शंभर वर्षं टिकली म्हणजे चांगली होती असं नाही, शंभर वर्षं कुणी विचारलंच नाही की जिच्याकडं ही घंटी वाजते तिला काय वाटतं. वॉटसन हुशार होता यात वाद नाही, पण बरोबरीचं श्रेय द्यायचं तर याची पण जबाबदारी त्यात धरा.

दूरध्वनी_वेडा

@शमा_नाशिक सगळ्यांना एकच आवाज हे पूर्ण बरोबर नाही. अमेरिकेच्या खेड्यांत एका तारेवर आठ-दहा घरं असायची, तिथं दोन लांब एक आखूड अशा खुणा ठरलेल्या असायच्या, हँडल तसं फिरवायचं. पुढं हार्मोनिक रिंगिंग आलं, प्रत्येक घराची घंटी वेगळ्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेली, त्यामुळं ज्याचा फोन त्याचीच वाजायची. कोण बोलवतंय हे त्यातूनही कळत नव्हतं हे मात्र खरं.

शमा_नाशिक

म्हणजे खुणांच्या काळात दहाही घरांना सगळ्यांचे फोन ऐकू जायचे आणि कुणी पण रिसिव्हर उचलून ऐकत बसायचं. यानं माझा मुद्दा कमी नाही होत, वाढतो.

पुणेरी_पेठ

एडिसनचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट १८७७ ला त्यानं पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं होतं की कॉल बेलची गरजच पडणार नाही, "हॅलो" म्हणलं तर दहा-वीस फुटांवर ऐकू जातं. लोक हे पत्र हॅलो शब्दासाठी सांगतात पण घंटीच्या वादात ते जास्त महत्त्वाचं आहे. एडिसनसारखा माणूस घंटी नको म्हणत होता आणि त्या क्षणी तो चूक नव्हता! तेव्हाची लाईन म्हणजे ऑफिस ते कारखाना, कायम जोडलेली, आणि त्याचा कार्बन ट्रान्समीटर बेलच्या यंत्रापेक्षा कितीतरी जोरात बोलणारा. लांबवर ऐकू जाण्याइतका आवाज हाच खरा प्रश्न होता आणि तो एडिसन, ह्यूज, ब्लेक यांनी सोडवला. आवाजच कुजबुजीसारखा आला असता तर घंटी ऐकून धावत आलेला माणूस परत कामाला गेला असता.

तारवाला_सातारा

@पुणेरी_पेठ दहा-वीस फूट कुठं आणि दुमजली घर कुठं? आणि कायम उघडी लाईन म्हणजे तुमच्या दुकानातलं सगळं बोलणं पलीकडं ऐकू जाणार, हे कुठल्या गिऱ्हाईकानं चालवून घेतलं असतं? शिवाय पुढं कॉमन बॅटरी आली, बोलण्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट एक्स्चेंजमधून यायला लागला, तेव्हा याच घंटीनं काम आणखी सोपं केलं. तिच्याबरोबर एक कंडेन्सर लावला की डीसी अडतो आणि रिंगचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, जातो, म्हणजे त्याच दोन तारांवर बोलणं पण आणि बोलावणं पण. घरातली वीज गेली तरी फोन वाजायचा तो एक्स्चेंजच्या बॅटरीवर आणि या घंटीवर. मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झालं तेव्हापासून डायलच्या फोनच्या शेवटापर्यंत आपण यावरच होतो.

@शमा_नाशिक तुमचा राग समजतो आणि तो महत्त्वाचा पण आहे, पण कोण बोलवतंय हे सांगायला नंबर पाठवणारं एक्स्चेंज लागतं, ते १८७८ च्या माणसाकडं मागता येणार नाही. त्याच्यासमोर प्रश्न एवढाच होता की पलीकडच्याला कळलं पाहिजे.

गणिती_काका

आता ज्या गोष्टीवर तुम्ही कुणीच बोलला नाहीत ती सांगतो. सुरुवातीला एका तारेवर अनेक घंट्या असल्या की त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक अशा, असायच्या, म्हणजे तुमचं बोलणं मधल्या प्रत्येक घराच्या कॉइलमधून पिळून जायचं. आवाज मरायचा. बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला ती कॉइल भिंतीसारखी आडवी येते. म्हणजे वॉटसनची घंटी बोलावायची पण बोलणं अडवायची. हे सोडवलं जॉन कार्टीनं १८९० च्या सुमारास, त्यानं घंटी हजार ओहमची, जास्त वेटोळ्यांची केली आणि तारेत न घालता दोन तारांच्या मध्ये आडवी जोडली. मग जी कॉइल आधी नडत होती तीच बोलण्याला बाजूला वाट न देता सरळ पुढं जाऊ द्यायला लागली. पार्टी लाईन, म्हणजे अनेक घरांची एकच तार, खरी चालू लागली ती तेव्हा. श्रेय वाटायलाच बसलोय तर हेन्री, सीमेन्स, वॉटसन, कॉय, कार्टी असे पाच जण होतात, त्यात एकट्याला निम्मं कसं द्यायचं ते तुम्हीच सांगा.

लोहमार्ग

काका, कार्टीनं घंटी जोडायची जागा बदलली आणि वेटोळी वाढवली. आतली पट्टी, चुंबक, गोळी, दोन वाट्या वॉटसनच्याच ठेवल्या. त्यात बदलायला त्यालाही काही सापडलं नाही, म्हणून मी अजूनही तारवाल्यांच्या बाजूनं आहे.