कोर्लई वगळू नका

रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यात काशीद सोडलं तर थांबण्यासारखं काही नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) घालून मांडव्याला उतरलात की वडखळच्या ट्रॅफिकची कटकट वाचते. तो वाचलेला वेळ कोर्लईला द्या. रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला की लगेच उजवीकडे समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पण खरी गंमत खाली गावात आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. दोन आज्या ओट्यावर मासळी निवडत बोलत होत्या. सूर आपल्याकडचा, शब्द मात्र एकही कळेना! आमच्याशी लगेच मराठीत बोलल्या, वर उन्हात गड चढता म्हणून दटावलंसुद्धा.

दीपगृहाकडे जाणारी वाट वस्तीतून जाते आणि फार अरुंद आहे. मोठी गाडी अलीकडेच लावा. आणि पुढे दिवेआगरला जायचं असेल तर मुरूडहून मागे फिरू नका, आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढते.