सोरायसिस: इंटरल्यूकिन-१७ रोखावे की २३? सल्ला हवा आहे

प्रश्न:
माझ्या भावाला नऊ वर्षांपासून सोरायसिस आहे. मलमे, प्रकाशोपचार आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) यांचा आता पुरेसा उपयोग होत नसल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांनी जैविक औषधाचे इंजेक्शन सुचवले असून, इंटरल्यूकिन-१७ रोखणारे आणि इंटरल्यूकिन-२३ रोखणारे (इंटरल्यूकिन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे संदेशवाहक रेणू) असे दोन पर्याय दिले आहेत. आजार एकच असताना या दोहोंत फरक कशाचा, आणि निवड कशाच्या आधारे करावी?

प्रतिसाद १:
हे दोन्ही रेणू एकाच साखळीतले आहेत. त्वचेतील डेन्ड्रिटिक पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) इंटरल्यूकिन-२३ सोडतात. त्याच्या बळावर टिकून राहणाऱ्या टी-पेशी (याही रोगप्रतिकारक पेशीच) इंटरल्यूकिन-१७ सोडतात, आणि मग एरवी सुमारे महिनाभरात वर येणाऱ्या त्वचेच्या पेशी काही दिवसांतच पृष्ठभागावर येऊन थर साचतो. तोच खवल्यांचा चट्टा. १७ रोखल्यास शेवटचा दुवा तुटतो, त्यामुळे फरक सहसा लवकर दिसतो. २३ रोखल्यास परिणामाला थोडा अधिक वेळ लागतो, पण सुरुवातीच्या मात्रांनंतर इंजेक्शनांमधले अंतर मोठे असते: रिसँकिझुमॅब १२ आठवड्यांनी, तर १७ रोखणारे सेक्युकिनुमॅब साधारणपणे महिन्याने घ्यावे लागते.

प्रतिसाद २:
वरील माहिती योग्य आहे, परंतु माझ्या मते निवड त्वचेपेक्षा उरलेल्या शरीराकडे पाहून व्हावी. इंटरल्यूकिन-१७ हा केवळ उपद्रवी रेणू नाही. तोंडातील व आतड्यातील आवरणाचे बुरशीपासून रक्षण करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणूनच तो रोखल्यावर काहींच्या तोंडात बुरशीचा संसर्ग होतो, आणि क्रोन्सच्या आजारावर (आतड्याचा दीर्घकालीन दाह) सेक्युकिनुमॅब वापरून पाहिले तेव्हा उपयोग झाला नाहीच, उलट त्रास वाढल्याचे आढळले. भावाला किंवा घरात कोणाला आतड्याच्या दाहाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. क्षयरोगाची तपासणी दोन्ही औषधांआधी करतात, ती टाळू नका.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार. आतड्याचा त्रास कोणालाच नाही. मात्र सकाळी त्याची कंबर तासभर आखडलेली असते. हे आम्ही आजवर डॉक्टरांना सांगितलेच नाही.

प्रतिसाद २:
ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. सोरायसिसमुळे मणक्याच्या सांध्यांनाही दाह होऊ शकतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये (मणक्याच्या सांध्यांच्या दाहाचा आजार) १७ रोखणारी औषधे उपयोगी ठरली आहेत, २३ रोखणारी मात्र ठरली नाहीत. त्यामुळे औषध ठरण्यापूर्वी संधिवाततज्ज्ञांना अवश्य दाखवा, आणि हा आखडलेपणा हालचालीने कमी होतो की विश्रांतीने, याची आठवडाभर नोंद ठेवून ती सोबत न्या.