कोकमातलं एचसीए खरंच चरबी बनणं थांबवतं का? भावाच्या कॅप्सूलबद्दल विचारायचंय

केतकी_कुडाळ:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. परवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तर जिमच्या ट्रेनरने हातात कॅप्सूलची बाटलीच ठेवली. लेबलवर आहे: गार्सिनिया कॅम्बोजिया अर्क ८०० मिग्रॅ, त्यात हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड (एचसीए) ६० टक्के. रोज तीन, जेवणाआधी. ट्रेनर म्हणतो, हे चरबी बनवणारं एन्झाइमच बंद पाडतं, आणि कोकमातही तेच असतं, मग भीती कसली? आमच्याकडे आगळ-आमसुलं बाराही महिने, त्यामुळे आईलाही पटलं. माझ्या मनात मात्र धाकधूक आहे. कोणी नीट सांगेल का?

सिंहगड_पहाटे:
माझ्या मित्राने घेतल्या होत्या. भूक कमी लागते म्हणायचा. पण त्याच सुमारास त्याने रात्रीचं बाहेरचं खाणंही सोडलं होतं, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही.

रातांबा:
केतकी, मी फार्मसी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते आणि हा रेणू दर वर्षी वर्गात घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रेनर एन्झाइमबद्दल बोलतो ते खोटं नाही. जेवणातली जास्तीची साखर पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, सायट्रेट बनते. ते बाहेर आलं की एटीपी-सायट्रेट लायेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्यातलं ॲसिटिल-कोए म्हणजे चरबी आणि कोलेस्टेरॉल दोन्हींचा कच्चा माल. एचसीए दिसायला सायट्रेटसारखंच, फक्त एक हायड्रॉक्सिल गट जास्त. एसटीत दुसऱ्याच्या आरक्षित सीटवर कोणी ठाण मांडून बसावं, तसं ते एन्झाइमवरची सायट्रेटची जागा अडवतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये हे आम्ल ओळखलं. १९६९ मध्ये अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन यांच्या गटाने ते एन्झाइम अडवतं हे दाखवलं. पुढे उंदरांच्या यकृतात चरबी बनणं कमी झालेलंही दिसलं, त्यांचं खाणंही घटलं.

पण ते उंदीर भरपूर पिष्ट आणि नगण्य चरबी असलेल्या खाद्यावर होते, म्हणजे त्यांना चरबी साखरेपासूनच बनवावी लागत होती. माणसाच्या नेहमीच्या जेवणात तेल-तूप असतंच. अंगावर साठते ती चरबी बहुतेक त्या खाल्लेल्या तेला-तुपातलीच. साखरेपासून नव्याने बनते ती त्यामानाने थोडी. त्या थोड्याशा वाटेवर अडसर घालून काय साधणार? शिवाय शरीराला पळवाटही आहे. आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेल्या ॲसिटेटपासून यकृत दुसऱ्या एन्झाइमने ॲसिटिल-कोए करून घेतं.

माणसांवरची चाचणी न्यूयॉर्कमध्ये झाली, १९९८ साली प्रसिद्ध झाली. १३५ जाड माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार. निम्म्यांना रोज १५०० मिग्रॅ एचसीए, बाकीच्यांना नकली गोळी. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नकली गोळीवाल्यांचं ४.१. भावाच्या बाटलीचा हिशेब कर: ८०० चे ६० टक्के ४८०, तीन कॅप्सूलचे १४४०. जवळपास तोच डोस!

आणि भीती कसली विचारतोय ना तो, तर यकृताची. गार्सिनियाचा अर्क घेणाऱ्यांत यकृताला तीव्र सूज आल्याच्या नोंदी आहेत, काहींना यकृत बदलावं लागलं. असं क्वचितच होतं, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. ज्याच्या यकृतावर आधीच चरबी आहे त्याला यकृताच्या नावाने ही कॅप्सूल देणं मला अजिबात पटत नाही.

केतकी_कुडाळ:
खूप आभार मॅडम. मग आमसुलाचं काय? आई आता सोलकढीकडेही संशयाने बघतेय!

रातांबा:
आईंना सांग, खुशाल करा. कोकमाच्या सालीत एचसीए आहे, पण आमटीत चार आमसुलं पडतात, तीही घरभर वाटली जातात. कॅप्सूलमध्ये काढलेला अर्क रोज तीनदा, तोही आठवडेच्या आठवडे पोटात जातो. शिवाय बाटलीत कोकम नाहीच. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा अर्क आहे. फळं एकाच कुळातली, एवढंच. आगळात मीठ भरपूर असतं, बीपी असेल तर तेवढं सांभाळा.

सिंहगड_पहाटे:
म्हणजे ते एन्झाइम अडवण्याची कल्पनाच फसली म्हणायची?

रातांबा:
नाही, आणि मला या गोष्टीतलं हेच सर्वांत आवडतं. बेम्पेडोइक ॲसिड हे औषध त्याच एन्झाइमला अडवतं. ते यकृतात गेल्यावरच कामाचं होतं, कारण त्याला जागं करणारं एन्झाइम स्नायूंत नसतं. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण कोलेस्टेरॉलसाठी. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची औषधं, न सोसणाऱ्या १३,९७० जणांवरच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण १३ टक्क्यांनी घटलं. ते निकाल २०२३ मध्ये आले. वजन उतरवायला मात्र तेही देत नाहीत, आणि युरिक ॲसिड वाढतं म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात.

केतकी, भावाला कॅप्सूल आजच थांबवायला सांग. बाटली टाकू नका, लेबलसकट डॉक्टरांना दाखवा आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची का ते विचारा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.