प्रति: खुब्याच्या सांध्यामुळे सीटीत आलेले पट्टे

दादा, आईंच्या खुब्याचा सांधा बदललाय, सीटीच्या रिपोर्टात 'धातूमुळे नीट दिसत नाही' एवढंच आलंय, आणि पुन्हा सीटी करावा का असं तुम्ही विचारलंय. लगेच नको. मी कोल्हापुरात राजारामपुरीत सीटी मशिनवरच काम करतो. आधी सेंटरला फोन करून रॉ डेटा, म्हणजे चित्रं बनण्याआधीची मशिनची मूळ मोजमापं, अजून मशिनवर आहे का ते विचारा, आजच. जागा लागली की तो पुसला जातो. असला, आणि त्यांच्याकडे धातूमुळे येणारे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर असलं, तर त्यातूनच चित्रं नव्यानं काढता येतात. आईंना परत झोपवायला नको, रेडिएशन नको.

धातूच्या जाड भागातून पलीकडं मोजमाप घेणाऱ्या डिटेक्टरपर्यंत एक्स-रे जवळपास पोचतच नाहीत, म्हणून ते काळे पट्टे. सॉफ्टवेअर ती तूट शेजारच्या मोजमापांवरून भरतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कालेंडर यांनी १९८७ मध्येच ही वाट दाखवली होती. पण भरणं अंदाजानंच असतं, सांध्यालगत प्रत्यक्षात नसलेली पोकळीही दिसू शकते. त्यामुळं रेडिओलॉजिस्टना जुनी-नवी दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच बघायला सांगा. हे कृपा करून विसरू नका.

डेटा गेलाच असेल तर ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या एक्स-रेनं केलेला, त्यात धातूचे पट्टे कमी करता येतात) कुठं होतो ते डॉक्टरांना विचारा. जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड न्या, सांधा कुठल्या धातूचा आहे ते त्यावरून बघता येईल. टायटॅनियम असेल तर पट्ट्यांचा त्रास कमी, स्टील किंवा कोबाल्ट-क्रोम असेल तर जास्त.