कॉन्टॅक्ट मॅपमध्ये लांबलांबची रेसिड्यू ‘संपर्कात’ दिसतात – मदत हवी आहे

बुचकळा
एका प्रोटीनच्या रचनेतले रेसिड्यू-रेसिड्यू कॉन्टॅक्ट (साखळीतली कोणती दोन अमिनो आम्लं एकमेकांजवळ आहेत ते) काढतोय, कटऑफ ४.५. बाकी जोड्या ठीक येतात, पण मधेच भलत्याच जोड्या घुसतात. उदा. ८ आणि १७१. पायमॉलमध्ये (रेणू पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) ही दोन रेणूच्या पार दोन टोकांना आहेत. अल्फाफोल्डच्या (अनुक्रमावरून रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रामच्या) मॉडेलवर तीच स्क्रिप्ट चालवली की या जोड्या गायब. म्हणजे स्क्रिप्ट बरोबर आहे. फाईल खराब आहे का? यादी आजच द्यायची आहे, लवकर सांगा.

रेणुसूत्र
कशाने काढताय? बायोपायथन किंवा एमडीट्राज ही पायथन लायब्ररी, की स्वतःचा कोड? ४.५ कोणत्या अणूंमधलं: सीअल्फा (कण्यातला कार्बन), सीबीटा (बाजूसाखळीचा पहिला कार्बन) की कुठलेही दोन जड, म्हणजे हायड्रोजन सोडून, अणू? रचना कोणत्या पद्धतीची: एक्स-रे, एनएमआर की क्रायो-ईएम? साखळ्या किती? आणि ८ व १७१ हे फाईलमधले क्रमांक की प्रोग्रामचे इंडेक्स? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

बीटावादी
जड अणूंच्या फंदात पडूच नका. सीबीटा ते सीबीटा ८ अँगस्ट्रॉम (०.८ नॅनोमीटर), ग्लायसिनला सीअल्फा, आणि क्रमाने ६ पेक्षा कमी अंतरावरच्या जोड्या सोडून द्यायच्या. कॅस्पमध्ये (प्रोटीनच्या रचनेच्या भाकितांची स्पर्धा) कॉन्टॅक्टचं भाकीत याच व्याख्येवर तपासायचे. क्रमातलं अंतर ६ ते ११ तर जवळचे, १२ ते २३ मधले, २४ आणि पुढे लांबचे. विषय संपला.

तिरका कोन
संपला कसा? लायसिनचा सीबीटा ते एनझेड (टोकाचा नायट्रोजन) ताणलेला असला की साधारण ५ अँगस्ट्रॉम भरतो. अशा दोन लांब बाजूसाखळ्यांची टोकं एकमेकांना भिडतात तेव्हा सीबीटा १० ते १२ वर असू शकतात. तुमच्या यादीत ती जोडी येणारच नाही. उलट पाठीला पाठ लावून बसलेली दोन रेसिड्यू ८ च्या आत येतात आणि एकमेकांना शिवतही नाहीत. भाकीत तपासायला ८ ठीक, रसायन बघायला नाही.

बुचकळा
@रेणुसूत्र एमडीट्राज, कंप्यूट_कॉन्टॅक्ट्स, स्कीम क्लोजेस्ट-हेवी (सर्वात जवळचे दोन जड अणू). एक्स-रे, एकच साखळी. ८ आणि १७१ हे रेससेक आहेत, फाईलमधलेच. ८ लायसिन, १७१ ग्लुटामेट. स्क्रिप्ट म्हणते ०.३९ नॅनोमीटर.

मीठपूल
लायसिन आणि ग्लुटामेट, ३.९ अँगस्ट्रॉम! हा सरळसरळ सॉल्ट ब्रिज (विरुद्ध विद्युतभारांची जवळची जोडी) आहे. लायसिनचा एनझेड किंवा आर्जिनिनचे एनई, एनएच१, एनएच२ एका बाजूला. अ‍ॅस्पार्टेटचे ओडी१, ओडी२ किंवा ग्लुटामेटचे ओई१, ओई२ दुसऱ्या बाजूला. अंतर ४ च्या आत असलं की झालं. हिस्टिडिन मोजायचं की नाही ते पीएचवर ठरवा. अल्फाफोल्डला हा पूल पकडता आला नाही, एवढंच.

तिरका कोन
रेणूच्या दोन टोकांमध्ये पूल?

मीठपूल
क्रिस्टलमध्ये रचना वेगळी असू शकते.

रेणुसूत्र
पायमॉलमध्ये तीच क्रिस्टलची फाईल उघडली असेल तर रचना वेगळी कशी असेल? @बुचकळा, उघडली ना तीच? आणि कटऑफ ४.५ दिलाय की ०.४५? एमडीट्राज नॅनोमीटरमध्ये बोलतो. ४.५ दिलं तर ४५ अँगस्ट्रॉम होतात आणि जवळजवळ प्रत्येक जोडी संपर्कात येते.

बुचकळा
तीच फाईल. ०.४५ दिलाय, वर घाईत अँगस्ट्रॉममध्ये लिहिलं. नॅनोमीटर मला माहीत आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का?

छेदबिंदू
कटऑफ ही कल्पनाच चुकीची आहे. ४.४९ धरायचं आणि ४.५१ टाकायचं, याला काय अर्थ? व्होरोनॉय विभागणी करा, म्हणजे प्रत्येक अणूला त्याच्या सर्वात जवळची जागा, त्याचं घर, वाटून द्या. ज्या दोन अणूंच्या घरांना सामाईक भिंत, ते संपर्कात. भिंतीचं क्षेत्रफळ म्हणजे संपर्काचं वजन. कटऑफची भानगडच नाही.

तिरका कोन
आणि पृष्ठभागावरच्या अणूंचं काय? बाहेर पाणी नसेल तर त्यांची घरं उघडी पडतात, अनंतापर्यंत पसरतात, आणि दूरदूरच्या अणूंना सामाईक भिंती फुटतात. म्हणून पाण्याचा थर घाला किंवा १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या, पाण्याच्या रेणूएवढ्या, गोळ्याने छाटा. म्हणजे आलाच कटऑफ, मागच्या दाराने.

तळघर
@बुचकळा, फाईलमधली क्रिस्ट१ ने सुरू होणारी ओळ इथे टाका. आणि ८ चा एनझेड व १७१ चा ओई१, या दोघांच्या एक्स, वाय, झेडमधला फरकही.

बुचकळा
सेलच्या बाजू ४१.३, ५८.७, ८८.४, तिन्ही कोन ९०, सममिती पी २१२१२१. फरक: ३७.५, ०.५, ०.९. याचा काय संबंध?

तळघर
सगळा संबंध इथेच आहे. ४१.३ वजा ३७.५ म्हणजे ३.८. त्यात ०.५ आणि ०.९ धरा: ३.८, ०.५ आणि ०.९ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३.९ येतं. स्क्रिप्टचा आकडा तोच.

काय होतंय ते असं. एमडीट्राज क्रिस्ट१ मधून युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा डबा) वाचतो. कंप्यूट_कॉन्टॅक्ट्समध्ये पिरिऑडिक हा पर्याय न सांगता ट्रू असतो. सेल हाताशी असेल तर अंतर सरळ न मोजता मिनिमम इमेजने मोजलं जातं: एक्समधला फरक ४१.३ च्या निम्म्यापेक्षा, म्हणजे २०.६५ पेक्षा जास्त झाला की एक पूर्ण सेल वजा होतो. सिम्युलेशनच्या पाण्याच्या डब्यासाठी हे बरोबर आहे. क्रिस्टलच्या एकट्या साखळीला लावलं की रेणूचं उजवं टोक शेजारच्या सेलमधल्या प्रतीच्या डाव्या टोकाला भिडतं आणि यादीत ते एकाच रेणूच्या आतलं म्हणून छापलं जातं. पायमॉलचं अंतर मोजणं सेलकडे बघत नाही, म्हणून तिथे ३७.५.

अल्फाफोल्डच्या मॉडेलला खरा सेल नसतो. क्रिस्ट१ असलीच तर १, १, १ अशी नावापुरती, आणि ती एमडीट्राज ओळखून टाकून देतो. म्हणून तिथे सगळं आलबेल. फाईल खराब नाही.

इलाज: पिरिऑडिक=फॉल्स द्या. किंवा लोड केल्यावर लगेच युनिटसेल_व्हेक्टर्स = नन करा; मग खालची सगळीच अंतरं सरळ मोजली जातील. हे फक्त स्थिर रचनेसाठी. सिम्युलेशनमध्ये दोन साखळ्या डब्याच्या भिंतीमुळे दोन बाजूंना गेल्या असतील तर पिरिऑडिक लागतोच, किंवा आधी रेणू एकत्र आणून घ्यावे लागतात.

मीठपूल
म्हणजे पूल आहेच. शेजारच्या रेणूशी आहे.

तळघर
हो, क्रिस्टल पॅकिंगचा. पण या पद्धतीने अशा संपर्कांचा एक तुकडाच सापडतो. पूर्ण सेल सरकवून मिळणाऱ्या प्रतीच तपासल्या जातात. पी २१२१२१ मध्ये स्क्रू अक्षांवरून (फिरवून आणि सरकवून) येणाऱ्या आणखी ३ प्रती सेलमध्ये असतात, त्यांचा पत्ताच लागत नाही. पॅकिंग हवं असेल तर पायमॉलमध्ये सिमएक्सप (सममितीच्या प्रती बनवणारी आज्ञा) ५ अँगस्ट्रॉमच्या अंतराने चालवा आणि प्रतींशी मोजा.

बायोपंत
बायोपायथनमध्ये हा त्रासच नाही. नेबरसर्चला अणूंची यादी द्या, सर्च_ऑल ४.५, लेव्हल आर (रेसिड्यू). अँगस्ट्रॉममध्येच मोजतो, सेल बघतच नाही. फक्त पाणी आणि लिगँड (प्रोटीनला चिकटलेले इतर रेणू) आधी गाळा, आणि शेजारच्या रेसिड्यूंच्या जोड्या स्वतः वगळा, तो वगळत नाही.

बुचकळा
पिरिऑडिक=फॉल्स केलं, ८-१७१ आणि तसल्या सगळ्या जोड्या गेल्या. धन्यवाद @तळघर. पण आता अल्फाफोल्डशी तुलना केली तर १०४ च्या पुढे जवळजवळ काहीच जुळत नाही. क्रिस्टलमध्ये ९६ ते १०३ दिसत नाहीत, त्यामुळे का?

रेणुसूत्र
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. छापताना रेससेक वापरताय, पण तुलना इंडेक्सने करताय, हो ना? फंक्शन जोड्या शून्यापासूनच्या इंडेक्समध्ये परत देतं. क्रिस्टलमध्ये ८ रेसिड्यू कमी, म्हणून १०४ पासून इंडेक्स ८ ने मागे सरकतो. दोन्ही याद्या साखळी आणि रेससेकच्या जोडीत बदला, मग तुलना करा. आधी दोन्ही फाईलींतला क्रमच जुळतो का तेही बघा. मॉडेल पूर्ण अनुक्रमाचं असतं, क्रिस्टलच्या लेखकांनी क्रमांक वेगळे दिलेले असू शकतात.

तळघर
आणखी एक. कॉन्टॅक्ट्स=ऑल दिलं की i ते i+१ आणि i ते i+२ या जोड्या वगळल्या जातात, आणि त्याही इंडेक्सने. त्यामुळे ९५ आणि १०४ शेजारी समजले जातील. न दिसणाऱ्या लूपची दोन्ही टोकं खरोखर जवळ असली तरी ती जोडी क्रिस्टलच्या यादीत येणार नाही, मॉडेलच्या यादीत येईल. ९४-१०४ आणि ९५-१०५ चंही तेच. या तीन जोड्या हाताने द्या. तुलना करताना मॉडेलमधून ९६ ते १०३ काढून टाका. मॉडेलच्या बी-फॅक्टरच्या रकान्यात पीएलडीडीटी (भाकिताची खात्री, ० ते १००) असतो. ७० च्या खालची रेसिड्यूही बाजूला ठेवा, नाहीतर हवेत लोंबणाऱ्या शेपटीचे संपर्क मोजत बसाल.

बुचकळा
रेससेकने जुळवलं. आता बहुतेक जुळतंय. फरक राहिलेत ते बाहेरच्या लायसिन-आर्जिनिनचेच.

तिरका कोन
ते राहणारच. पृष्ठभागावरच्या लांब बाजूसाखळ्या क्रिस्टलमध्येही नीट दिसत नाहीत. त्या अणूंचा बी-फॅक्टर (जागा किती डळमळीत) आणि ऑक्युपन्सी (त्या जागी किती अंशी) बघा, ऑक्युपन्सी ० असेल तर ती जोडी सरळ खोडा.

बीटावादी
सीबीटा ८ घेतलं असतं तर हे फरक बरेच कमी झाले असते.

नवखा_रेणू
माझ्याकडे २० मॉडेलची एनएमआर फाईल आहे. कोणतं मॉडेल घ्यायचं?

रेणुसूत्र
नवीन धागा काढा. थोडक्यात: एकच निवडू नका. एमडीट्राज प्रत्येक मॉडेल एक फ्रेम म्हणून वाचतो, त्यामुळे प्रत्येकाची ओळ वेगळी मिळते. जोडी २० पैकी किती मॉडेलमध्ये येते ते मोजा आणि तो आकडाच यादीत लिहा.