मदत हवी आहे: गीझरचं सॉकेट तापतंय, पण एमसीबी पडत नाही

नमस्कार मंडळी,
गीझरच्या १६ अँपियरच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलंय. गीझर थोडा वेळ चालला की प्लग हाताला चटका देतो आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. गीझर २००० वॅटचा, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) १६ ची, वायर २.५ चौरस मिमी तांब्याची. वायरमन म्हणतो, "एमसीबी पडत नाही ना, मग लोड बरोबर आहे." मला हे पटत नाहीये. आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) बसवली तर ती पडेल का? आणि नुसतं सॉकेट बदलून भागेल का?

प्रतिसाद १:
आधी त्या पॉइंटची एमसीबी खाली पाडा आणि काम होईपर्यंत गीझर विसरा.
लोड बरोबर आहे हे खरंच, पण प्रश्न लोडचा नाहीच. एमसीबी फक्त जास्तीचा करंट ओळखते. तुमचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपियर घेतो, आणि जोड सैल झाला तरी तेवढाच घेणार. म्हणजे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. पण त्या जोडाचा रोध नुसता ०.२ ओहम झाला, तरी तिथे १५ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही एका स्क्रूच्या टोकाशी! तापलं की धातू काळवंडतो, रोध वाढतो, मग आणखी तापतं.
आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघते. सैल जोडात गळती नसते, त्यामुळे ती गप्पच बसेल. तरी ३० मिलीअँपियरची जरूर बसवा, शॉकपासून वाचवते.
सॉकेटबरोबर प्लगही बदला. काळ्या पडलेल्या पिना नवं सॉकेटही खराब करतात.

प्रतिसाद २:
वायरचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायला सांगा. वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकत असेल तर तेवढा तुकडा नाही, अख्खी वायर बदला. आणि कुणी ३२ ची एमसीबी सुचवली तर त्याला चहाही विचारू नका. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते, ती वायरच्या मानानेच हवी.

धागाकर्ता:
आभार! दुसऱ्या वायरमनकडून उघडून घेतलं. फेजच्या स्क्रूखाली निम्म्याच तारा होत्या, बाकीच्या बाहेर लोंबत होत्या. सॉकेट, प्लग दोन्ही बदलले. प्लग आता जेमतेम कोमट लागतो. एक शंका राहिली: ६ अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर टीव्हीसोबत इस्त्री चालेल का?

प्रतिसाद २:
६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, सगळं मिळून. इस्त्रीवरचा आकडा वाचा. माझं मत विचाराल तर इस्त्री, हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच. बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवू नका, आतली उष्णता बाहेर पडत नाही. आणि आता एसीचा पॉइंटही उघडून बघा, वायरिंग त्याच पहिल्या वायरमनचं असेल तर आजच.