समूहगान: मुलं-मुली एकत्र, पट्टी कोणती धरायची?

प्रश्न – केगाव_रोड

कॉलेजात संगीत मंडळ नव्यानं उभं करतोय. युवा महोत्सवासाठी समूहगानाचा संघ ठरलाय: चार मुली, दोन मुलं. गाणी दोन, एक हिंदी आणि एक मराठी लोकगीत. साथीला पेटी, तबला आणि हलगी. अडचण पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला 'सा' धरायचा याची. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) मुलं मस्त गातात, मुली अडकतात. काळी चारला उलटं. सहाही जणांचा आवाज मोकळा लागेल अशी पट्टी कशी ठरवायची? पाच आठवडे हातात आहेत, सराव कसा लावावा? आणि हलगीत गाणं बुडू नये म्हणून काय करावं?

उत्तर १ – पेटीवाला

काळी एकला तार, म्हणजे वरच्या सप्तकात मुलींचा आवाज किंचाळतो. काळी चारला मुलांना खालच्या सप्तकात उतरावं लागतं आणि ते पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. दोन्ही सोडा. मिश्र संघाला पांढरी तीन किंवा पांढरी चार धरा, पण एक अट आहे: चाल त्या पट्टीसाठी वाटून घ्यायची. मंद्र पंचम ते मध्य निषाद (खालचा प ते मधला नी) या ओळी मुलांकडे, मध्य गांधारापासून तार पंचमापर्यंतच्या (मधला ग ते वरचा प) मुलींकडे. एकत्र म्हणायचं ते मध्य सप्तकातच ठेवा. मुखडा तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) चढत असेल तर मुलांनी तिथं खालचा पंचम धरून राहायचं. बहुतेक संघ इथंच चुकतात. सगळ्यांनी सगळं म्हणायचं असा हट्ट धरतात आणि मग पट्टीला दोष देतात.

पट्टी कागदावर ठरवू नका. प्रत्येकाला एकेकट्याला पेटीवर घेऊन बसा. जोर न लावता खाली कुठपर्यंत आणि वर कुठपर्यंत जातो ते सूर लिहून काढा. सहा जणांचे कागद शेजारी ठेवले की ओळी आपोआप वाटल्या जातात.

तबल्याचंही बघा. पट्टी पांढरी चार असेल तर तबला गाण्याच्या पंचमात (प), म्हणजे पांढरी एकला लावा. पांढरी तीन असेल तर मध्यमात (म) पांढरी सहा किंवा पंचमात पांढरी सात. पांढरी एकला साडेपाच-पावणेसहा इंची पुडी (तबल्याचं चामडं) लागते. काळी चारचा लहान तबला उतरवून पांढरी एकला आणला की चाट (पुडीची कड) सैल पडते आणि सूर मरतो. तो उतरवत बसू नका, दुसरा मागून आणा.

उत्तर २ – हलगी_आणि_ढोलकी

हलगीला माइक देऊ नका. बंद सभागृहात ती अशीच शेवटच्या रांगेपर्यंत जाते. वादकाला गायकांच्या मागे, एका बाजूला उभा करा आणि हलगीचं तोंड गायकांच्या माइककडे नको, विंगेकडे असू द्या. ओळ चालू असताना कडेचे बारीक ठोके, दोन ओळींमधल्या जागेत मात्र मोकळा हात. गाणं बुडतं ते हलगी मोठी आहे म्हणून नाही. शब्दांवरही वादक मधोमध मारत राहतो म्हणून बुडतं.

चामड्याची हलगी तापवावी लागते, पण सभागृहात शेकोटी कुठं पेटवणार? बाहेर कोपऱ्यात शेगडीवर हातभर उंचीवर धरून फिरवत राहा. ज्वाळेला टेकवली तर कडेचं चामडं वाळून तडकतं. पावसाळी हवेत तापवलेली हलगी थोड्याच वेळात उतरते, म्हणून संघाचा नंबर लागायच्या आधी दहा मिनिटं तापवा, तासभर आधी नको. तेवढी सोय नसेल तर फायबरच्या पानाची घ्या. नाद थोडा कोरडा, पण सूर हलत नाही.

लयीकडं लक्ष ठेवा. लोकगीतात हलगी लागली की संघ पळतो. मोबाइलवरचा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) लावून सुरुवातीची लय लिहून ठेवा, शेवटच्या कडव्यात परत मोजा. मिनिटाला ९२ ठोक्यांची १०४ झालेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लय वाढवायची असेल तर ती ठरवून, एका ठरलेल्या तिहाईनंतर (तोच बोल तीनदा वाजवून झाल्यावर) वाढवा.

उत्तर ३ – नियम_वाचा_आधी

भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत समूहगानाला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं वेळ आणि मांडणीला (स्टेजवर वाद्यं, माइक लावायला) चार मिनिटं आहेत. सिनेमातलं गाणं चालत नाही. तुमच्या महोत्सवाचं यंदाचं परिपत्रक विद्यार्थी विकास मंडळाकडून घेऊन शब्दन् शब्द वाचा. गायकाच्या हातात टाळ चालतो का, हे लेखी विचारून ठेवा. पेटी, तबला, हलगी धरून तुमचे तीन साथीदार भरलेत, चौथं वाद्य आयत्या वेळी घुसवू नका.

दोन्ही गाणी मिळून साडेआठ ते नऊ मिनिटांत बसवा. स्टेजवर टाळ्या पडतात, कुणी एखादी ओळ जास्त घेतं, तेवढी जागा लागतेच. मांडणीच्या चार मिनिटांचाही सराव करा: कोण पेटी उचलणार, कोण तबल्याची रिंग आणि हातोडी घेणार, कोण कुठल्या माइकपाशी उभं राहणार. सहा गायकांना चार माइक पुरतात, अर्धवर्तुळात उभे राहा. पेटीचा माइक भात्याजवळ आला तर सुरांआधी फसफस ऐकू येते.

केगाव_रोड

तिघांचेही आभार. अजून एक विचारतो. आमच्या संघात दोन मुली घरी तेलुगू बोलतात, एक मुलगा कन्नड. लोकगीताचे उच्चार एकसारखे होत नाहीत. त्यांना सुटी ओळ न देता बसवता येईल का?

उत्तर ४ – पेटीवाला

येईल की ओ, सोलापुरात अर्ध्याअधिक संघांत हेच असतं. त्यांना बाजूला काढणं तर अजिबात नको. तेलुगू-कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरावर संपतात, त्यामुळं 'घर', 'रान' अशा शब्दांच्या शेवटी एक बारीक स्वर चिकटतो. सहा जणांत तो दोघा-तिघांचाच आला की ओळ फाटल्यासारखी वाटते. उपाय असा: शेवटचं व्यंजन कुठल्या मात्रेवर सोडायचं ते कागदावर ओळीवर खूण करून ठरवा. सहाही जणांनी त्याच मात्रेवर तोंड मिटायचं. 'ळ' आणि 'ल', 'चांदणं' मधला च आणि 'चहा' मधला च, यासाठी ओळ आधी सुराविना, ठेक्यात नुसती बोलायची. रोज दहा मिनिटं.

पाच आठवड्यांचं म्हणाल तर पहिला आठवडा शब्दच नकोत. तानपुरा लावून फक्त आकार (शब्दांऐवजी नुसता 'आ') आणि सरगम. दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात हार्मनी. हार्मनीत तिघं मूळ चालीवर, दोघं दुसऱ्या सुरावर, एक गुंजन (तोंड मिटून गुणगुणणं). मूळ चाल कधीच अल्पमतात जाऊ देऊ नका. श्वास सगळ्यांनी एकदम घेतला तर ओळीत खड्डा पडतो, म्हणून जोडीजोडीनं वेगवेगळ्या शब्दांनंतर घ्या. चौथ्या आठवड्यात हलगी आणा, आधी नाही. पाचव्यात रोज एकदा माइकसकट, थांबायचं नाही, चुकलं तरी पुढं जायचं.

उत्तर ५ – हलगी_आणि_ढोलकी

एक भर. पुढच्या वर्षी लोकवाद्यवृंद बसवणार असाल तर सुंदरी लक्षात ठेवा. सनईसारखं फुंकून वाजवायचं, पण तिच्यापेक्षा लहान, इथल्याच सोलापूरच्या जाधव घराण्यानं वाढवलेलं वाद्य. तिचा मूळ सूर नळीच्या लांबीवर ठरतो, फार हलत नाही. म्हणून तिथं पट्टी गायकावरून न ठरवता आधी सुंदरीवर ठरवायची आणि ढोलकी, संबळ तिला लावून घ्यायचे.